फाइलमधल्या काट्याचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. घड्याळाचा नव्हे आणि तराजूचाही नव्हे. कॉम्प्युटरमध्ये एखादी फाइल उघडली की पुढचं अक्षर कुठून वाचायचं आणि कुठे लिहायचं, ती जागा म्हणजे मी. मला रंग नाही, वजन नाही, आणि मला आजवर कोणी पाहिलेलं नाही. फाइल उघडते तेव्हा मी जन्मतो, बंद होते तेव्हा मरतो. मग आधीच्या जन्मातलं एवढं सगळं आठवतं कसं, असं विचारू नका. पुनर्जन्म मानणाऱ्या देशात हा प्रश्न शोभत नाही.

तुम्ही छत्रीचं, फुटक्या पाटीचं, वडाच्या झाडाचं आत्मवृत्त वाचलं असेल. ती सगळी गरीब स्वभावाची मंडळी. जन्मभर झिजतात आणि शेवटी माणसांना क्षमा करून मोकळी होतात. माझं तसं नाही. मी चिडलेला आहे. माझ्यावर एक आळ आला, तो मी मुकाट्याने सोसला, कारण मला तोंड नव्हतं. आज बोलायला मिळालं आहे, तर मी बोलणार.

आधी माझं काम समजून घ्या. फाइल म्हणजे अक्षरांची एक लांबच लांब रांग. त्या रांगेत मी एका जागी उभा असतो. कोणी एक अक्षर वाचलं की मी एक पाऊल पुढे सरकतो. कोणी लिहिलं, तर जिथे असेन तिथलं जुनं अक्षर पुसून नवं बसतं आणि मी पुन्हा पुढे. एवढंच असतं तर मी नाकासमोर चालणारा गडी ठरलो असतो. पण मला हुकूम करता येतो. 'सीक' म्हटलं की मी सांगाल तिथे उडी घेतो. सुरुवातीपासून मोजा, आहे तिथून मोजा किंवा शेवटापासून उलटं मोजा, मला तिन्ही चालतं. दुसरा शब्द 'टेल'. त्याचा अर्थ, बाबा रे, तू आत्ता कुठे आहेस ते सांग. पहिला शब्द माणसांना फार आवडतो, कारण हुकूम सोडायला कोणाला आवडत नाही? दुसरा क्वचितच कोणी उच्चारतो.

माझा पहिला जन्म अठ्ठ्याऐंशी साली झाला. रत्नागिरी जिल्ह्यात जयगडच्या खाडीवर एक मच्छीमारांची वाडी आहे. तिथल्या सोसायटीचं नाव मी सांगणार नाही. या वाडीतला सदू मुंबईला एका कंपनीत कॉम्प्युटरवर कामाला होता. कंपनीने नवी यंत्रं घेतली तेव्हा त्याने एक जुनं मागून घेतलं आणि गोणपाटात गुंडाळून एसटीच्या टपावरून गावी आणलं. त्याच्या जोडीला एका टेपवर, त्या काळी नवीच निघालेली, प्रोग्राम लिहायची एक स्क्रिप्ट भाषाही आणली. त्या भाषेत त्याने दिवाळीच्या सुट्टीत सोसायटीसाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला, आणि मी कामाला लागलो.

काम असं. सोसायटीच्या प्रत्येक होडीला एक नंबर आणि फाइलमध्ये एक ओळ. ओळीत नंबर, मालकाचं नाव आणि शेवटी एक अक्षर. होडी समुद्रात गेली की तिथे 'बी', म्हणजे बाहेर. परत आली की 'ए', म्हणजे आत. सगळ्या ओळी सारख्याच लांबीच्या. त्यामुळे पाच नंबरची होडी आली की प्रोग्राम मला सांगायचा, सुरुवातीपासून चार ओळी ओलांड, पाचवीच्या टोकाला थांब, आणि तिथे 'ए' लिही. मी जायचो आणि लिहायचो. ओळीवर नाव कोणाचं आहे, ते मी वाचत नसे. मला वाचायला सांगितलेलंच नव्हतं. मी फक्त मोजायचो, आणि मोजण्यात मी कधी चुकत नाही.

हे सगळं कशासाठी, तर वाऱ्यासाठी. होड्या दोन ठिकाणी लागत. थोड्या वाडीच्या धक्क्यावर, थोड्या खाडीच्या पलीकडे. पलीकडचा माणूस आलेल्या होडीचा नंबर फोनवर कळवायचा. पूर्वी वारा सुटला की कोण आलं आणि कोण राहिलं याचा नुसता गोंधळ व्हायचा. आता सोसायटीची मोठी लाँच राहिलेल्याला आणायला निघण्याआधी ती चालवणारा गंगाराम तांडेल सोसायटीच्या ऑफिसच्या खिडकीत तोंड घालून विचारायचा, "कोण ऱ्हायलाय गो?" आणि मशीनवर बसणारी दमयंती पडद्यावर बघून सांगायची. पडद्यावर फक्त बाहेरच्या होड्या दिसत. आतल्या होड्यांची काळजी कोण करतो?

ही दमयंती बारावी होऊन, सावर्ड्याला मामाकडे राहून टायपिंग शिकून आलेली. माझ्यावर तिचा जीव होता असं मी म्हणणार नाही, मी तिला दिसतच नव्हतो. पण ती बटणं हळू दाबायची आणि धूळ पुसायची. पहिला हंगाम फार चांगला गेला. दोनदा वाऱ्यात राहिलेल्या होड्या लाँचने ओढून आणल्या, त्या माझ्या 'बी'मुळेच. सोसायटीचे चिटणीस हरिश्चंद्रभाऊ पाहुण्यांना घेऊन येत, पडद्यावर टिचकी मारत आणि म्हणत, "आमचा मशीन एक वेळ देवापेक्षा जास्त लक्षात ठेवील." पाहुणे मान डोलवत. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

हरिश्चंद्रभाऊ वाईट माणूस नव्हेत. टापटिपीचे, देवभक्त, सोसायटीच्या कामात एक पैशाची अफरातफर नाही. पण एक खोड होती. ज्या गोष्टीत आपल्याला कळत नाही, तिच्यात आपल्याला थोडंतरी कळतंच, असं त्यांना वाटायचं. मुंबईला परत जाताना सदूने बजावलं होतं, "भाऊ, प्रोग्राममधून काय करायचं ते करा. फाइलला बाहेरून हात लावू नका." त्यावर भाऊ म्हणाले होते, "मी काय खुळा हाय?" या प्रश्नाचं उत्तर माणसाने स्वतःच देऊ नये, असं माझं मत आहे.

एकोणनव्वदची खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा. वाडीचा बेत असा, की पहाटे होड्या न्यायच्या, दुपारच्या आत परतायचं आणि मग इंजिनांना झेंडू वाहायचे. होड्या गेल्या. दमयंतीने सगळ्यांपुढे 'बी' टाकलं, फाइल बंद केली आणि घरी पूजेच्या तयारीला गेली. मागे हरिश्चंद्रभाऊ हळदकुंकू आणि हार घेऊन ऑफिसात आले. यंत्राला हार घातला. मग त्यांच्या मनात आलं की पूजा करतो आहोत त्या यंत्रात देवाचं नाव आहे कुठे?

त्यांनी फाइल उघडून पाहिली. पहिल्याच ओळीवर एक नंबरची होडी. वर श्री नाही! आपल्याकडे नवी वही घेतली की पहिल्या पानावर आधी श्री लिहितात. पत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, दाराच्या चौकटीवर आधी श्री. आणि इथे वर्षभर देवाच्या नावावाचून माणसं समुद्रात पाठवली. भाऊंच्या काळजात चर्र झालं. त्यांनी सगळ्यांच्या वर एक नवी ओळ घातली आणि इंग्रजी अक्षरांत श्री, पुढे ग्रामदेवतेचं नाव आणि प्रसन्न असं लिहिलं. त्यात टापटीप अशी, की ओळ खालच्या ओळींपेक्षा आखूड दिसते म्हणून मोकळ्या जागा टाकून टोकाला टोक मिळवलं. नमस्कार केला आणि प्रसाद वाटायला गेले. कोणाला काही सांगितलं नाही. देवाचं नाव लिहिलं, त्यात सांगण्यासारखं काय आहे?

मित्रांनो, इथे नीट लक्ष द्या. वर एक ओळ वाढली, की खालची प्रत्येक होडी एक ओळ खाली सरकली. मला मात्र कोणी काही बोललं नाही. मला पाच म्हटलं की मी चार ओळी ओलांडणार आणि पाचवीच्या टोकाला उभा राहणार. आता पाचव्या ओळीवर होडी होती चार नंबरची. सहा म्हटलं की पाचची, सात म्हटलं की सहाची. आणि शेवटची सतरा नंबरची गेली अठराव्या ओळीवर, जिथे मला कोणी पाठवणारच नव्हतं. हुकूम तोच, पावलं तीच आणि घर शेजाऱ्याचं.

बारा वाजायच्या सुमाराला दक्षिणेकडून काळं आभाळ चढलं आणि वारा सुटला. ऑक्टोबरातला वारा सांगून येत नाही. होड्या एकामागून एक खाडीत शिरू लागल्या. दमयंती धावत आली, तिने फाइल उघडली आणि मी जन्मलो. धक्क्यावरून नंबर ओरडून येत होते, पलीकडून फोनवर येत होते, आणि ती टाकत होती. मी उड्या घेत होतो आणि लिहीत होतो. एक नंबरची होडी आली तेव्हा मी पहिल्या ओळीच्या टोकाला 'ए' लिहिलं. म्हणजे देव आत आला. सात नंबरची आली तेव्हा मी सातव्या ओळीवर 'ए' लिहिलं. तिथे नाव होतं सहा नंबरच्या खंडूचं. खंडू समुद्रात होता.

मग फोन बंद पडला. तार कुठेतरी तुटली असणार. धक्क्यावरचं ओरडणं थांबलं, आणि गंगाराम तांडेल खिडकीत आला. "कोण ऱ्हायलाय गो? लाँच चालू करून ठेवलीय."

पडद्यावर दोन नंबर होते. पाच आणि सतरा. तांडेलाने मागे वळून पाहिलं. पाच नंबरची रघूची होडी समोरच बांधलेली होती आणि रघू स्वतः तिच्यातलं पाणी उपसत होता. सतराचीही तिच्या शेजारीच होती.

वारा बघून ऑफिसात परतलेले हरिश्चंद्रभाऊ हसले. "दमयंती, घाईत दोन टाकायच्या ऱ्हायल्या तुझ्या. म्हंजे सगळ्या आल्या. तांडेल, लाँच बंद करा."

एवढ्यात खंडूची बायको गुणवंती दारात आली. पदर वाऱ्याने उडत होता, तो एका हाताने धरलेला. ती म्हणाली, "भाऊ, आमची होडी आली नाय."

"आलीय," भाऊ म्हणाले. "हा बघ, तुमचा नंबर यात नाय. पलीकडं लागली असंल."

"पलीकडं लागली असती तर माजा दीर चालत आला असता. बाबू घरी आल्याबिगर ऱ्हात नाय. पूजेचा नारळ त्येच्याकडं हाय."

"अगो, वारा किती हाय. थांबला असंल तिकडंच."

दमयंती हळूच म्हणाली, "भाऊ, मला सहा टाकल्याचं आठवत नाय."

"तुला आठवत नाय," हरिश्चंद्रभाऊ म्हणाले, "पण मशीनला आठवता."

हे वाक्य मी माझ्या मरणापर्यंत विसरणार नाही, आणि माझं मरण तुम्हाला ठाऊकच आहे, रोज येतं आणि रोज जातं. मला काय आठवतं? होड्यांचं मला काही आठवत नाही! आठवण फाइलची, हुकूम तुमचा, मी मधला हमाल. मला विचारा, मी कुठे उभा आहे ते सांगतो. पण ही होडी आली का, हे मला विचारू नका. मी समुद्र पाहिलेला नाही. समुद्र पाहिलेली बाई दारात उभी होती, आणि एक शहाणा माणूस तिच्याकडे पाठ करून काचेकडे बघत होता. त्या क्षणी माझा इतका संताप झाला, की मला हात असते तर मी तो पडदा फोडला असता.

गुणवंती गेली नाही. "लाँच सोडा," एवढंच म्हणत उभी राहिली. भाऊ म्हणाले, "असल्या वाऱ्यात नसलेल्या होडीसाठी मी पाच माणसं पाठवू? उद्या त्यांच्या बायका येतील माझ्या दारात." बोलणं वेडगळ नव्हतं, हीच तर पंचाईत. गंगाराम तांडेल दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. पलीकडे विचारायला एक माणूस पाठवला, तो खाडीला वळसा घालून चालत गेला, लवकर परतणार नव्हता. असा वेळ जात होता. वाडीच्या घरांवरची कौलं वाऱ्याने उडत होती, आणि इथे ऑफिसात माणसं वाट बघत होती.

वाट बघता बघता दमयंतीने राहिलेला पाच नंबर टाकला. मी माझ्या जागी गेलो आणि 'ए' लिहिलं. पडद्यावर पाच तरीही बाहेरच. तिने पुन्हा टाकला. मी पुन्हा गेलो, पुन्हा लिहिलं. पाच बाहेरच.

"बिघडला मशीन," भाऊ म्हणाले. "बंद करून चालू कर."

दमयंतीने बंद केलं नाही. सदूने जाताना तिला एका कागदावर मोजके हुकूम लिहून दिले होते, त्यातला एक तिने पहिल्यांदाच वापरला. मला पाचच्या जागी पाठवलं आणि विचारलं, कुठे आहेस? वर्षभरात पहिल्यांदा! मी खरं ते सांगितलं. आकडा बरोबर होता. मग तिने शहाण्यासारखं दुसरं काम केलं. त्या ओळीवर काही लिहिलं नाही. मला ओळीच्या आरंभाला नेलं आणि वाच म्हणाली.

मी वाचलं. चार नंबरच्या होडीचं नाव आलं.

तिने मला अगदी सुरुवातीला, शून्यावर नेलं आणि पुन्हा वाच म्हणाली. मी वाचलं. श्री, देवतेचं नाव, प्रसन्न, आणि टोकाला 'ए'.

"भाऊ, ही ओळ कोणी घातली?" तिने विचारलं.

हरिश्चंद्रभाऊंनी पडद्याकडे पाहिलं. त्यांना एवढंच म्हणता आलं, "देवाचा नाव हाय ता."

"सगळ्या होड्या एकेक ओळ खाली गेल्या. सात आली ती सहाच्या नावावर लागली. खंडूदादा बाहेर हाय." हे शेवटचं वाक्य ती खिडकीकडे धावत म्हणाली. तांडेल ते अर्धं ऐकूनच धक्क्याकडे पळाला होता. गुणवंती त्याच्याही पुढे होती.

लाँचला खंडू सापडला. होडी उलटली होती. जाळ्याचे बोये छातीशी बांधून तो तरंगत होता, ओठ निळे आणि आवाज बसलेला. त्याचा धाकटा भाऊ बाबू सापडला नाही. दोघे मिळून बराच वेळ बोयांना धरून होते. लाँचचा आवाज कानी पडायच्या थोडंच आधी बाबूचे हात सुटले, असं खंडूने सांगितलं. थोडंच आधी. ऑफिसात गेलेला वेळ त्याहून पुष्कळ जास्त होता.

दुसऱ्या दिवशी दसरा. वाडीत कोणी सोनं लुटलं नाही. हरिश्चंद्रभाऊंनी सकाळी येऊन ती ओळ पुसून टाकली आणि सोसायटीच्या बैठकीत सांगितलं की मशीनने घात केला. माणसं भडकली. कोणी म्हणालं, खाडीत टाका ते डबडं. कोणी म्हणालं, लोखंडावर विश्वास ठेवला तिथेच चुकलं. मी ऐकत होतो. आदल्या दिवशी ज्या यंत्राला हार घातला, त्यालाच आज बुडवायला निघालेली ही माणसं. काम झालं की देव आणि बिघडलं की दगड!

दमयंती उठली. ती सगळ्यांत लहान, बैठकीत कधी बोललेली नव्हती. तिने सगळं सांगितलं. ओळ कशी वाढली, नावं कशी सरकली, आणि मी सांगितल्या जागेपासून तसूभरही कसा हललो नव्हतो. ते ऐकताना मला जे वाटलं ते झेंडूच्या हारानेही कधी वाटलं नव्हतं.

हरिश्चंद्रभाऊ लालबुंद झाले. "म्हंजे देवाचा नाव घेतला हा माझा गुन्हा काय?"

भिंतीशी बायकांमध्ये गुणवंती बसली होती. ती उठली नाही, आवाजही चढवला नाही. "देवाला कोण बोलताय, भाऊ? ओळ घातलाव, घातलाव. तुमाला म्हायती नवता. पण मी दारात उभी होतंय. होडी नाय आली म्हणून मी तोंडानं सांगत होतंय. तुमी माज्याकडं बगल्लाव नाय."

खंडू घोंगडीत गुंडाळून बसला होता, तो खाली मान घालून रडू लागला. बैठक तशीच मोडली.

मला खाडीत टाकलं नाही. दमयंतीने टाकू दिलं नाही. त्या दिवसापासून ती प्रत्येक नंबराला आधी मला त्या जागी नेऊन नाव वाचून घ्यायची, मोठ्याने म्हणायची, दारातल्या माणसाने होय म्हटलं तरच लिहायची. काम दुप्पट झालं. मी एकदाही कुरकुर केली नाही.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी उपदेश करायचा असतो, तो मी करतो. तुमच्या हाती मोठमोठी यंत्रं येतील. त्यांच्यातही माझी भावंडं असतील, सांगाल तिथे उडी घेणारी आणि सांगाल ते पुसून टाकणारी. त्यांना लिहायला लावण्याआधी विचारा, तू कुठे आहेस? मग वाचून घ्या, मग लिहा. फाइलीत कोणी काही घातलं तर चार जणांना सांगा, मग ते देवाचं नाव का असेना. आणि तुम्ही माझ्याकडे बघत असताना दारात कोणी येऊन उभं राहिलं, तर आधी मान वळवा. मी थांबेन. फाइल उघडी आहे तोवर मी आहे त्या जागी कितीही वेळ उभा राहू शकतो. बाबूला तेवढा वेळ नव्हता.